घरात कुणाला आहे का?

वटार,
१४ जानेवारी २०२५

जॉन,

अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला टाकशील. टाकू नकोस. काम माझं नाही, शर्लीचं आहे. माझं असतं तर लिहिलं नसतं.

शर्ली म्हणजे माझ्या डिलनची मुलगी. गेल्या वर्षी हिल्डाच्या दफनाला ती फुलांची परडी धरून फादरच्या मागे उभी होती, तीच. आता ती विमान चालवायला शिकणार आहे. मला आधी वाटलं, एअर होस्टेस म्हणते. तिने मला दोनदा समजावून सांगितलं की पुढे बसतो तो पायलट, तो व्हायचंय. तिचा बाप दोहाहून फोनवर हो म्हणाला, क्लेमेंटीन सुनेनेही मान हलवली. मला कुणी विचारलं नाही. घोर मात्र मलाच लागला आहे.

त्याला आधी डॉक्टरची तपासणी लागते. एक दुसऱ्या वर्गाची, ती झाली. अंधेरीच्या डॉक्टरने छाती ऐकली, रंगांचे ठिपके वाचायला लावले, कानात कुजबुजून पाहिलं. आता पहिल्या वर्गाची आहे. ती मोठी. हृदयाची पट्टी, छातीचा फोटो, रक्त, लघवी, वजन, कान, आणि डोळे तर इतक्या तऱ्हेने बघतात म्हणे की माणूस आत काय विचार करतो तेही दिसावं. ती पास झाली तरच जूनमध्ये गोंदियाच्या शाळेत जागा आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारतात. कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्याने फादरना येऊन सांगावं. विमानाचंही तसंच असणार. पासपोर्टच्या वेळी पोलीस आला तेव्हा त्याने शेजारच्या ॲंजेलाला विचारलंच ना, मुलगी कशी, घर कसं. इथे तर दोनशे-तीनशे माणसं तिच्या हवाली करायची आहेत. विचारायला कुणी ना कुणी येणारच, आणि मी ज्यांना सांगितलंय ते सांभाळून बोलतील. तुझी खात्री नाही.

का नाही ते तुला माहीत आहे. आपल्या बहिणीची, हिल्डाची नावं दोन रविवार नीट पुकारली गेली. तिसऱ्याच्या आधी तू आगाशीला मुलाच्या घरी जाऊन सांगून आलास की आमचा बापूस आंधळा आहे, त्याचा बापूसही आंधळा होऊन मेला, आणि बघायला आलात तेव्हा इनासने म्हाताऱ्याला मागे केळ्यांच्या वखारीत बसवून ठेवलं होतं. तिसऱ्या रविवारी फादरनी इतरांची नावं वाचली. हिल्डा पुढच्या बाकावर बसली होती. ती मिस्सा संपेपर्यंत उठली नाही. मग जन्मभर माझ्याच घरात राहिली.

तेव्हा कुणी विचारलं तर एवढंच सांग की आमच्या घरात तसलं काही नाही. बापूस म्हातारपणी धडपडायचा, म्हातारी माणसं धडपडतातच. आणि तुझं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, थेंब चालू आहेत, ते मी ऐकून आहे. मोतीबिंदूचं होतं म्हण. मोतीबिंदू सगळ्यांना होतो. काचबिंदू हा शब्द तोंडातून काढू नकोस.

कबरस्तानात तू हात पुढे केलास आणि मी तो घेतला नाही असं गावात बोलतात. बोलू देत. त्याचा इथे काही संबंध नाही.

फोन करू नकोस. घरात सगळे ऐकतात, आणि फोनवरची अक्षरं फार बारीक असतात.

इनास


वटार,
९ फेब्रुवारी २०२५

जॉन,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पत्र मिळालं की नाही एवढं तरी कळायला हवं होतं. उमेळ्यात आता इतक्या बिल्डिंगी झाल्यात की पोस्टमनला तुझं घर सापडत असेल की नाही कोण जाणे.

शर्लीचा अभ्यास चालू आहे. नुसती तब्येत चांगली असून भागत नाही. हवेची परीक्षा वेगळी, रस्त्याची वेगळी, कायद्यांची वेगळी, यंत्राची वेगळी. हवेत रस्ता कुठला, म्हटलं. म्हणाली, "असतो आजा, फक्त दिसत नाही." वायरलेसवर बोलायचीही परीक्षा असते. संध्याकाळी चाफ्यांमधून फिरत एकटीच बोलत असते. ॲंजेलाने कुंपणावरून क्लेमेंटीनला विचारलं, "पोरीला कुणी भेटलाय का गं, एवढं काय बोलते?" सून म्हणाली, "मनोऱ्याशी बोलते." ॲंजेला म्हणाली, "म्हणजे उंच असणार."

मी विचारलं, मनोऱ्याला सांगतेस तरी काय? म्हणाली, आपण कोण, किती उंचावर आहोत, कुठल्या बाजूने येतोय. ते सांगितल्याशिवाय उतरायचं नसतं. मला ते बरं वाटलं. न सांगता घरात शिरणारी माणसं मला आवडत नाहीत.

सोनचाफा आता सूनच काढते. पहाटे शिडीवर चढायचं म्हणजे माझे पाय दुखतात. गेल्या आठवड्यात केळीच्या नव्या मुनव्यांवर माझा पाय पडला, दोन मोडले. पाण्याच्या पाटाशी चिखल होता म्हणून. तेव्हापासून सून चहाचा कप माझ्या हातात देते, बाजूला ठेवत नाही. मी एकदा सांडला होता. कप अगदी कडेला ठेवला होता तिने.

गेल्या रविवारी एक गंमत झाली. शर्लीने मला ओट्यावर समोर बसवलं.

"आजा, माझ्या नाकाकडे बघ."

"नाकाला काय झालं?"

"काही नाही झालं. मोठ्या तपासणीत असं करतात, मी बघून ठेवते. एक डोळा झाक. बोट हललं की सांग, पण नजर नाकावरच."

आधी डावा झाकला. सगळं बरोबर सांगितलं. मग उजवा झाकायला लावला. मी म्हटलं, दिसलं.

"अजून हलवलं नाही, आजा."

"आता दिसलं."

"मी दोन्ही हात मांडीवर ठेवलेत."

मी म्हटलं, थट्टा करतोय गं. ती हसली. मग पुन्हा एकदा कर म्हणाली. मी पुन्हा थट्टा केली. मग ती हसली नाही. पुस्तक घेऊन आत गेली. जेवताना माझ्या डाव्या बाजूला बसली होती हे मला ती बोलली तेव्हा कळलं.

असो. तुझं तोंड बंद आहे ना, एवढं कळव. नुसतं कोरं कार्ड टाकलंस तरी मी समजेन.

इनास


वटार,
५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

जॉन,

फादरनी आज कपाळाला राख लावली आणि मी घरी येऊन हे लिहायला बसलो. दमलो आहे. आपण माती आहोत आणि मातीला मिळणार आहोत हे मला दर वर्षी ऐकून ठाऊक आहे, पण त्याआधी किती तपासण्या आहेत ते चर्चमध्ये सांगत नाहीत.

शर्लीची मोठी तपासणी झाली. दोन दिवस लागले. हृदय चांगलं, कान चांगले, रक्त चांगलं. डोळ्यांत अडकली. चष्मा नाही, रंग ओळखते, लांबचं वाचते. पण डॉक्टरने थेंब घालून आत पाहिलं तर डोळ्याच्या नसेला जो खळगा असतो तो म्हणे जरा मोठा आहे, आणि डोळ्यातला दाब अगदी वरच्या रेघेला टेकलेला. कागदावर तात्पुरती अपात्र लिहून दिलं. म्हणजे नापास नाही, पासही नाही. अजून दोन तपासण्या करून आणायच्या. एकात यंत्रात डोकं घालून ठिपके दिसले की बटण दाबायचं, दुसऱ्यात नसेचा फोटो. आणि एक प्रश्न विचारला. घरात कुणाला काचबिंदू आहे का?

ती म्हणाली, विचारून सांगते.

बघ, मी म्हणत होतो ना. फक्त गावात येऊन विचारलं नाही, पोरीच्याच तोंडून विचारलं.

घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. ओट्यावर उभी राहून म्हणाली, "आजा, आपल्या घरात कुणाला काचबिंदू होता? नीट आठवून सांग. मला सही करून लिहून द्यायचंय. खोटं निघालं तर पुढे लायसन्स जातं."

मी म्हटलं, कुणाला नाही.

"तुझ्या वडलांना?"

"म्हातारपणी धडपडायचे."

"आणि तुला?"

मी म्हटलं, मला काय झालंय. तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं असणार. माझ्या डाव्या अंगाला उभी होती.

जॉन, आता सगळं तुझ्यावर आहे. तिने तुझं नाव घेतलं तर काय करायचं ते मी सांगितलंय. आणखी एक सांगायचंय, ते लिहायला मलाही बरं वाटत नाही. तुझी पुढची तपासणी जूनपर्यंत ढकल. त्या दवाखान्यात अर्धी वसई येते, रांगेत कोण बसलंय ते सगळे बघतात, आणि आपलं आडनाव एकच आहे. थेंब घरात घाल, खिडकी लावून घाल. तीन महिन्यांत काही बिघडत नाही. मी तर तीन वर्षं

वरची ओळ अर्धी सोडली आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

आपल्याकडे पोरींची लग्नं या असल्या गोष्टींवर मोडली, आणि जी जमली ती झाकून ठेवल्यामुळे जमली. हे तुलाही ठाऊक आहे. कुणाच्या घरात मागची खोली नाही ते सांग. मी वेगळं काही केलं नाही. शर्लीचं विमान म्हणजे मला तिसरा रविवारच वाटतो. या वेळी नाव वाचलं गेलं पाहिजे.

उपास चालू झाले. मी चहा सोडला आहे, तिच्यासाठी.

इनास


वटार,
२ एप्रिल २०२५

जॉन,

दुसऱ्यांदा.

मी तुला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर दिलं नाहीस. आणि ती स्कूटर घेऊन उमेळ्याला आली तर तू शर्ट बदलून तिच्या मागे बसलास आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन खुर्चीत बसलास. हे मला तिनेच सांगितलं. लपवलं नाही, तेवढं तिचं बरं.

"जॉन आजा आला होता माझ्याबरोबर," म्हणाली. "त्याचे डोळे डॉक्टरनी पाहिले, मग माझे पुन्हा पाहिले. सगळं सांगितलं त्याने. तुझ्या वडलांचं, तुझ्या आज्याचं, सगळं."

मी म्हटलं, संपलं मग.

"काय संपलं?"

"तुझं विमान."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बोलता आलं असतं. म्हणाली, "तू खोटं सांगितलंस, आणि मी तुझ्या शब्दावर सही करणार होते. मागे माणसं बसलेली असतात, आजा. मला दिसत नसेल तर ते मलाच आधी कळलं पाहिजे." मग म्हणाली, "आणि तुलाही."

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला ये, अंघोळीचं पाणी काढलंय, एवढंच. सूनही तसंच. घरात तीन माणसं आणि भांड्यांचाच आवाज. ठिपक्यांची तपासणी झाली, नसेचा फोटो झाला, सगळे कागद पुढे गेले आहेत. काय होईल ते कळलेलं नाही. मी विचारत नाही. विचारायचं तोंड तू ठेवलं नाहीस.

तेव्हा हिल्डा होती, आता ही. तुला एकच काम येतं, जाऊन सांगून येणं.

यापुढे लिहिणार नाही.

इनास


वटार,
४ मे २०२५

जॉन,

लिहिणार नाही म्हटलं होतं, पण परवा तू येऊन दोन तास बसलास आणि आपण दोघे फक्त केळीच्या रोगावर बोललो. तू म्हणालास, उमेळ्यात तुझ्या चाफ्याच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. मी म्हटलं, वास पेट्रोलचा येत असेल. मग तू उठलास. जे बोलायचं ते तसंच राहिलं. मला समोरासमोर जमत नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला. अक्षर मोठं काढलं आहे, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.

शर्लीचं पत्रक आलं. पात्र. तिचा खळगा मोठा आहे तो जन्माचाच, नस चांगली आहे, ठिपके सगळे दिसले. घरात काचबिंदू आहे हे त्यांनी लिहून घेतलं आणि एवढंच सांगितलं की दर वर्षीच्या तपासणीत डोळ्यांचा दाब आणि ती ठिपक्यांची तपासणी चुकवायची नाही. बस. एवढंच. मी शर्लीला विचारलं, घरात आहे हे कळूनही? ती म्हणाली, "कळलं म्हणूनच, आजा. आता ते लक्ष ठेवतील." ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं माणसं मागच्या खोलीत ठेवली, तिच्यासाठी तिथे एक ओळ आहे आणि तिच्यापुढे वर्षातून एकदा या, असं लिहितात. मी दोन दिवस जेवलो नाही. सुनेला वाटलं पोट बिघडलं.

मग शर्ली ऐकेना, आणि तू आणि ती मला मध्ये धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलात तेव्हा मी डॉक्टरबाईंना पहिल्यांदा म्हटलं, मला काही त्रास नाही. त्यांनी आत बघितलं, बराच वेळ बघितलं. डावा गेला आहे. तो परत यायचा नाही. उजवा निम्मा आहे, थेंब घातले तर राहील. त्या म्हणाल्या, "हे अचानक होत नाही हो. इतके दिवस करत काय होतात?"

तू म्हणालास, "पत्रं लिहीत होता."

बाई हसल्या. शर्लीही हसली, किती दिवसांनी. मला तेव्हा राग आला होता. आता नाही.

हिल्डाचं. तू वाटेत रिक्षात एकच वाक्य बोललास. बघायला आलेली माणसं ओट्यावर चहा घेत होती, आणि बापूस वखारीतून विचारत होता, कोण आलंय, कोण आलंय रे. आणि कुणी त्याला उत्तर दिलं नाही. ते तुला ऐकवलं नाही म्हणून तू आगाशीला गेलास. मी ते ऐकलंच नव्हतं असं मला वाटत होतं. मी ऐकलं होतं, जॉन. मी चहाची बशी मोठ्याने ठेवली होती. हिल्डाच्या बाबतीत तू बरोबर केलंस असं मी अजून म्हणणार नाही. ती त्या बाकावर बसली होती ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं. ते तसंच राहू दे.

पण कबरस्तानातलं सांगायलाच हवं. तिला खाली उतरवलं, सगळ्यांनी माती टाकली, मी वळलो आणि चालत सुटलो. रात्री ॲंजेलाने ओट्यावर येऊन सांगितलं, "जॉनने हात पुढे केला होता, तू त्याच्या अंगावरून गेलास, बघितलंसुद्धा नाहीस." मी म्हटलं, बरं केलं. सगळ्या गावाला तसंच सांगितलं. मला ते सोपं गेलं. कठोर म्हणाले तर म्हणू देत, आंधळा म्हणायला नको.

तू डाव्या बाजूला उभा होतास. मला तुझा हात दिसला नाही.

दिसला असता तर घेतला असता की नाही ते मला आता सांगता येत नाही. घेतला असता असं वाटतं. हिल्डाला खाली ठेवून आलो होतो, कुणाचाही हात घेतला असता.

शर्ली जूनमध्ये जाईल. तोपर्यंत सकाळ-संध्याकाळ थेंब तीच घालते. तू तिला शिकवलंस तसं नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरते आणि मनात आकडे मोजते. हात हलत नाही तिचा. मी डोळे मिटून पडलो की मला वाटतं, असाच हलू नये पुढेही. ती गेल्यावर सून घालेल. तू म्हणालास, मी येत जाईन. उमेळ्याहून रिक्षा बदलून यायचं, या वयात. पण म्हणालास.

परवा तू ओट्यावर चढलास तेव्हा मला नुसती चाहूल लागली. मी विचारलं, कोण आलंय. आणि विचारल्यावर माझंच मला ऐकू आलं. तू लगेच म्हणालास, "मी, जॉन." त्यासाठी हे पत्र आहे खरं तर, बाकी सगळं त्याच्या आधी आलं.

आलास की फाटकातून येऊ नकोस, ती माझी डावी बाजू आहे. विहिरीकडच्या वाटेने ये, चाफ्यांच्या रांगेतून. मी ओट्यावर तोंड तिकडे करून बसेन. तिथून आलास तर तू लांबूनच दिसशील, आणि मला विचारावं लागणार नाही.

इनास